तिचा आणि माझा आयरिश माणूस

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची नेहमीची गोष्ट म्हणजे भांडण. तेही मेथी निवडता निवडता.

गुरुवारची दुपार होती. फ्रंट रूममध्ये टेबलावर पेपर पसरला होता, त्यावर मेथीच्या दोन जुड्या. मुलगी पिनरला राहते, तिनं आणून दिलेल्या. टीव्ही चालू होता. टीव्हीवर एक आयरिश माणूस उभा राहून बोलत होता आणि समोरचे लोक हसत होते. माझी बायको पण हसत होती. मी हसत नव्हतो.

“यात हसण्यासारखं काय आहे?” मी म्हणालो.

“तुम्ही मेथी निवडा.”

“नाही, मला सांग ना. हा माणूस जिवंत तरी आहे का? तू नर्स होतीस, नाडी बघ त्याची.”

“त्याची नाडी चांगली आहे. तुमच्या त्या जाड्याची बघायला पाहिजे, एवढा आपटतो तो.”

लोक राजकारणावरून भांडतात, सुनांवरून भांडतात. आम्ही लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या त्या घरात कोणता आयरिश माणूस खरा विनोदी यावरून भांडायचो. तिचा होता उंच, वाळका, तपकिरी कोटातला. दोन्ही हात खिशात. बस चुकल्यासारखा उभा राहायचा. एक वाक्य बोलायचा, थांबायचा, पायाकडं बघायचा, मग दुसरं वाक्य. स्वतः कधी हसला नाही. माझा होता जाड्या. तो नसलेल्या खुर्चीवर बसायला जायचा. न दिसणारं कुत्रं फिरवायला न्यायचा आणि ते कुत्रंच त्याला सगळ्या स्टेजभर ओढायचं. मला त्याला बघून पोटात दुखेपर्यंत हसू यायचं. त्याला समजून घ्यायला शाळा लागत नाही.

“कुणी पडलं की बाळंसुद्धा हसतात,” ती म्हणायची.

“बाळांना कळतं तेच खरं,” मी म्हणायचो.

त्या दिवशी पण हेच झालं. शेवटी ती पालेभाजी गोळा करून उठली आणि जाता जाता म्हणाली, “तुम्हाला कळत नाही असं नाही हो. तुम्ही ऐकत नाही.” मी टीव्हीचा आवाज बंद केला. संध्याकाळी मेथीची भाजी झाली. तिनं विचारलं, कशी झालीय? मी म्हणालो, शिजलीय.

शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली. डोक्यात रक्तस्राव. ज्या हॉस्पिटलात आम्ही दोघांनी जन्म काढला त्याच हॉस्पिटलात रविवारी दुपारी गेली. भाजी थोडी फ्रीजमध्ये उरली होती. ती मी सोमवारी खाल्ली, सुतकात खावी की नाही हे कुणाला विचारलं नाही.

आता मी कोण ते सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव सांगलीकडचं. ती मिरजेला नर्सिंग शिकलेली. तिचे वडील आणि माझे वडील एका तालमीतले, त्यांनी शब्द दिलेला, म्हणून लग्न झालं. नाहीतर शिकलेली नर्स माझ्यासारख्याला कोण देतंय? ती नोकरीवर इकडं आली, मी तिच्या मागून आलो. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या मागून बायको येते, इथं उलटं आहे. म्हणू देत. मला त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम लागलं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. कोळशाच्या भट्टीसारखी गरम खोली आणि यंत्रांचा असा आवाज की एकमेकांशी हातानं बोलायचं. पंचवीस वर्षांत डावा कान गेला. उजवा अर्धा आहे.

ती वॉर्डात होती. वॉर्डात तेव्हा अर्ध्या नर्सा आयरिश. त्यांच्याकडून ती इंग्रजी बोलायला शिकली, त्यामुळं तिचं इंग्रजी पण तसंच हेलकावे खात चालायचं. गोऱ्या बायका विचारायच्या, तू आयर्लंडमध्ये होतीस का? ती म्हणायची, नाही, मिरज. त्या म्हणायच्या, ते आयर्लंडच्या कुठल्या भागात येतं?

आता एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. इथं आल्यावर पहिल्याच ख्रिसमसला स्टाफची पार्टी होती. एका पोर्टरनं काहीतरी जोक सांगितला. सगळे हसले. मला कळला नाही. तिनं माझ्या कानाशी वाकून मराठीतून सांगायला सुरुवात केली. आजूबाजूच्या दोन-तीन माणसांनी बघितलं. माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं म्हणालो, “मला समजावू नकोस. मी काय बाळ आहे?” मराठीत म्हणालो, पण ओरडणं कुठल्याही भाषेत कळतं. ती सरळ बसली. त्यानंतर बेचाळीस वर्षांत तिनं मला एकही जोक समजावून सांगितला नाही. ती तिच्या माणसाला हसायची, मी माझ्या. एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर.

इथं माणूस गेला की लगेच नेत नाहीत. क्रेमेटोरियमला नंबर लावावा लागतो. आम्हाला नंबर मिळाला अठरा दिवसांनंतरचा, गुरुवार, अर्धा तास. मग सगळा घोळ. एक गुरुजी म्हणाले, ती गेल्यापासून दिवस मोजा. दुसरे फोनवर म्हणाले, छे, अग्नी दिल्यापासून. पहिल्यांच्या हिशोबानं आमचा तेरावा होऊन गेला आणि अग्नी व्हायचाच होता. दुसऱ्यांच्या हिशोबानं सुतक अजून सुरूच झालं नव्हतं. मुलगी म्हणाली, मग आपण दोन्ही पाळू. म्हणजे काय, तर दोन आठवडे घरात फोडणी नाही. वरणभात, उकडलेला बटाटा, दही. चव नसलेलं जेवण जेवायचं आणि एकमेकांकडं बघायचं नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी सगळे जमलो. मुलगा केंब्रिजहून आला होता, तो तिथं कॉम्प्युटरमध्ये आहे. फ्युनरलवाल्यांना सोमवारी यादी द्यायची होती: अर्ध्या तासात आधी काय, मग काय, कोण बोलणार, काय वाजणार. मुलीनं एक कागद पुढं केला.

“बाबा, हा आईच्या पासपोर्टबरोबर मिळाला. तिनंच लिहिलाय.”

कागदावर तिचं अक्षर. वॉर्डात चार्ट लिहायची तसं, एकाखाली एक. हिरवी सुती साडी नेसवा, रेशमी नको, जाळायला कशाला. फुलांवर पैसे नको. गुरुजींनी थोडक्यात आटपावं. एक भजन, एकच. आणि मग, पडदा बंद व्हायच्या आधी, त्या तपकिरी कोटवाल्याची सीडी, नंबर चार, वडिलांचा तुकडा. पूर्ण लावा.

इथं शेवटी शवपेटीपुढं पडदा ओढतात. त्यानंतर ती दिसत नाही. आणि त्या पडद्याआधी हिला तो माणूस पाहिजे होता.

मी म्हणालो, “हे नाही होणार.”

“बाबा, इट्स हर विश.”

“असू दे. मयताला जोक? शंभर माणसं येणार. गावाकडचे लोक फोनवरून बघणार. ते काय म्हणतील?”

मुलगा म्हणाला, “आय अॅग्री विथ बाबा. आणि तो फनीच नाहीये. लावायचाच तर कुणीतरी चांगला तरी लावा.” त्याचा एक वेगळाच आहे, तरुण, तो दर चौथ्या शब्दाला शिवी देतो.

“तुझा तो शिव्या देणारा?” मुलगी म्हणाली. “आईच्या फ्युनरलला? व्हेरी नाइस.”

“तो ऑनेस्ट आहे. हा बोअर आहे. हा बोलतो तेव्हा मला वाटतं वायफाय अडकलाय.”

“माझा जाड्या...” मी म्हणालो.

“बाबा, तुमचा जाड्या ऐकून काय कळणार? तो बोलतच नाही. नुसता धपकन आवाज येईल. क्रेमेटोरियममध्ये धपकन आवाज, गुड आयडिया,” मुलगी म्हणाली.

त्यावर मुलगा फुसकन हसला. मग मुलगी. मला पण ओठ दाबावे लागले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी हसलं, आणि तिघांनाही असं वाटलं की आपण काहीतरी चोरलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात तिची मैत्रीण. आयरिश, वॉर्डातली सिस्टर, आता ऐंशीला आलेली, दोन गल्ल्या सोडून राहते. आम्ही तिला अजून सिस्टरच म्हणतो. आणि ती मला काय म्हणते, तर ‘अहो’. बायको मला अहो म्हणायची, ते ऐकून हिला वाटलं तेच माझं नाव. बायकोनं पण दुरुस्त केलं नाही. चाळीस वर्षं ती मला ख्रिसमसचं कार्ड ‘अहो’ नावानं पाठवते. मी पण कधी बोललो नाही. मला ते बरं वाटायचं.

ती हातात फ्रूटकेक घेऊन आत आली. “अंडं आहे यात,” ती म्हणाली. “तुमच्या नियमात बसतं का मला माहीत नाही. नसेल बसत तर शेजारी द्या. पण हसण्याचा आवाज आला ते बरं वाटलं.”

मी म्हणालो, सिस्टर, चुकून हसलो.

“चुकून कशाला? आमच्यात मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून रात्रभर हसतात. माझ्या काकाच्या वेळी तर एवढं हसले की शेजाऱ्यांना वाटलं तो उठून बसला.”

तिला बसवलं, चहा दिला. मुलीनं कागदाचं सांगितलं. मला वाटलं, संपलं, आता ही आयरिश, ही आपल्या माणसाची बाजू घेणार. सिस्टरनं कप खाली ठेवला.

“देव मला क्षमा करो,” ती म्हणाली, “पण तो माणूस मला कधीच विनोदी वाटला नाही. अगदी कधीच. आमच्या गावात असली चाळीस माणसं होती. त्यांना आम्ही विनोदी म्हणत नव्हतो, आम्ही त्यांना काका म्हणायचो. माझा विचाराल तर जाडा. त्या कुत्र्याच्या वेळी मी खुर्चीवरून पडले होते.”

मी टेबलावर हात आपटला. “झालं! निकाल लागला. खुद्द आयरिश माणसानं सांगितलं.”

मुलगी हट्टी आहे, आईसारखी. ती म्हणाली, “मग आई का हसायची एवढी?”

सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. मग मुलीकडं. मग परत माझ्याकडं.

“अहो, तुला खरंच माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

“तिनं कधी सांगितलं नाही?”

मी म्हणालो, ती मला जोक सांगत नव्हती. का सांगत नव्हती ते मी सांगितलं नाही.

“मग मी सांगू?”

मला ‘नको’ म्हणता आलं असतं. पण मुलगी आणि मुलगा दोघं बघत होते. मी ऐकायचं यंत्र उजव्या कानात नीट बसवलं आणि म्हणालो, सांगा.

मुलीनं सीडी लावली. सिस्टर मधेमधे थांबवून सांगत होती, हळू, माझ्याकडं तोंड करून, पेशंटला औषध सांगतात तसं. तो त्याच्या वडिलांबद्दल बोलत होता. वडील शेतावरून घरी येतात, जेवायला बसतात. आईनं दिवसभर खपून जेवण केलेलं. ती हातात डाव घेऊन मागं उभी. कसं झालंय? वडील विचार करतात. बराच वेळ करतात. मग म्हणतात, गरम आहे. आणि आई खूश. शेजारणीला जाऊन सांगते, त्यांना फार आवडलं. आई नवा कोट घेते. वडील चारी बाजूंनी बघतात आणि म्हणतात, पाऊस आत यायचा नाही. मग आई आजारी पडते, शहरातल्या हॉस्पिटलात. वडील दोन बस बदलून येतात, टोपी मांडीवर घेऊन तासभर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. उठताना नर्सला बाजूला घेतात. आईला वाटतं, आता तरी काही बोलतील. वडील म्हणतात, हिच्याकडं लक्ष ठेवा. आमच्याकडं ही एकच आहे.

सीडीवरचे लोक हसले. सिस्टर म्हणाली, “यात जोक कुठं आहे मला विचारू नका. पण तुझी बायको, दर सोमवारी वॉर्डात आली की आम्ही सगळ्या विचारायचो, काय, या आठवड्यात काय म्हणाला? आणि ती सांगायची. तिनं दिवाळीला जांभळी साडी नेसली होती, ती तुला म्हणाली कशी दिसते. तू काठ हातात घेतलास, चोळून बघितलास आणि म्हणालास...”

मला आठवलं. मीच म्हणालो, “रंग जाणार नाही.”

“रंग जाणार नाही!” सिस्टर म्हणाली. “सगळा वॉर्ड हसत होता. पेशंटचे टाके दुखायला लागले. नंतर वर्षभर कुणी नवीन कपडे घातले की आम्ही काठ चोळून म्हणायचो, रंग जाणार नाही. मग हा तपकिरी कोटवाला टीव्हीवर आला. ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, अगं, त्यांनी माझ्या घरातला माणूस टीव्हीवर आणलाय. तिला तो विनोदी वाटत नव्हता, अहो. तिला तू विनोदी वाटत होतास. आमच्या वॉर्डात सगळ्यात चांगला आयरिश विनोदवाला कोण असेल तर तो तू.”

मुलगा खाली बघत होता. मुलगी रडत होती आणि हसत पण होती, नाक पुसत.

मला रडू आलं नाही. राग आला. खरं सांगतो. म्हणजे पंचवीस वर्षं मी वॉर्डासमोरून चादरींच्या गाड्या ढकलत नेत होतो आणि आत बायका माझ्यावर हसत होत्या? मी जे घरात बोललो ते तिनं बाहेर सांगितलं? मी म्हणालो, “म्हणजे माझी चेष्टा करत होती.”

सिस्टर उठली. तिचे गुडघे गेलेत, तिला उठायला वेळ लागतो. म्हणाली, “मी माझ्या नवऱ्याबद्दल वॉर्डात कधी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. केक तिथंच राहिला.

मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथं तिची कोथिंबीर, कुंडीत. दोन आठवडे पाणी घालायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण पाऊस पडत होता म्हणून जगली होती. मी विचार करत होतो की मी तिला चांगलं कधी म्हटलं. लाँड्रीत चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. डाग राहिला तर बोंब, नाही राहिला तर काही नाही. गप्प बसणं म्हणजेच चांगलं. माझे वडील पण तसेच. आईनं भाकरी वाढली, त्यांनी दुसरी मागितली, तेवढंच. मला वाटायचं, बायकोला कळतं. आणि आता कळलं की तिला कळत होतं. एवढं कळत होतं की ती त्यावर जोक करत होती. मग माझा राग कशाचा होता? याचा होता की ती ज्यावर हसत होती तो मी होतो, आणि मी बाजूला बसून म्हणत होतो, यात हसण्यासारखं काय आहे.

मुलीनं मला बोलण्यासाठी चार ओळी लिहून दिल्या होत्या, इंग्रजीतल्या, पण अक्षर मराठी. शी वॉज अ वंडरफुल वाइफ. मी आठवडाभर पाठ करत होतो. तोंडात बसत नव्हतं. जिवंतपणी वंडरफुल म्हटलं नाही, आता पेटीसमोर म्हणायचं म्हणजे पोस्ट चुकीच्या घरी टाकण्यासारखं.

चारच्या सुमाराला पोरं आतल्या खोलीत बोलत बसली, तेव्हा मी एकट्यानं ती सीडी परत लावली. एकदा, मग परत, मग परत. दर वेळी थोडं जास्त कळलं. हसू आलं नाही. मी मुद्दाम हसायला बघितलं, तरी नाही. पण एक लक्षात आलं. सीडीवरचे लोक ‘गरम आहे’ म्हटल्यावर हसतात. ती आधीच हसायची. तो विचार करत गप्प उभा असायचा ना, तेव्हाच. मी तिला म्हणायचो, अगं बाई, अजून तो बोलला कुठं? तिला माहीत असायचं तो काय बोलणार.

आतून मुलगा आला. म्हणाला, “बाबा, मी ईमेल करतो त्यांना. दोन भजन, तुमचं स्पीच, ताईचं स्पीच, गुरुजी. सीडी नको. ओके?”

“थांब,” मी म्हणालो. “मी उद्या स्वतः जातो.”

“फोन करा ना.”

“फोनवर मला ऐकू येत नाही.”

“मग मी सोडतो कारनं.”

“तू केंब्रिजला जा. तुझं काम आहे.”

तो म्हणाला, तुम्ही काय ठरवलंय? मी म्हणालो, उद्याचं उद्या. खरं म्हणजे ठरलं नव्हतंच.

सोमवारी सकाळी मी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, सीडी पिशवीत घेतली आणि नऊच्या बसनं फ्युनरलवाल्यांच्या ऑफिसात गेलो. टेबलामागं एक बाई होती, चाळिशीची, काळा सूट. तिनं आधी मला पाणी दिलं. मी तिच्यापुढं मुलाची यादी ठेवली आणि बायकोचा कागद ठेवला. तिला मराठी कुठलं येणार, म्हणून मी बोटानं दाखवत इंग्रजीत सांगितलं. एक भजन. मग ही सीडी, नंबर चार, पूर्ण. मग पडदा.

तिनं विचारलं, हे काय आहे, गाणं? मी म्हणालो, कॉमेडियन. ती थांबली. पण तिच्या धंद्यात तोंड वाकडं करत नाहीत. ती म्हणाली, मी आवाज तपासून घेते, तुमची हरकत नसेल तर. तिनं मशीनमध्ये सीडी घातली. आम्ही दोघं त्या ऑफिसात बसून ऐकलं. भिंतीवर पेट्यांची चित्रं, किमतीसकट. तो बोलत होता, थांबत होता. बाईच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. शेवटचं ‘आमच्याकडं ही एकच आहे’ झालं, लोक हसले, तिनं बटण दाबलं.

“तुम्हाला हसू आलं का?” मी विचारलं.

ती घाबरली. म्हणाली, सर, मला या वेळी...

“खरं सांगा.”

“नाही, सर. सॉरी. मला जरा उदास वाटलं.”

“मला पण नाही आलं,” मी म्हणालो. “आमच्या घरात एकीलाच यायचं.”

तिनं मान हलवली आणि मिनिटं मोजली. सहा मिनिटं. मग म्हणाली, अर्धा तास भरून वर जातोय, काहीतरी कमी करावं लागेल. दुसरं भजन काढलं तरी तीन मिनिटं जास्त होतात. मुलीचं बोलणं काढू का? मी म्हणालो, तिचं राहू दे, ती आईवर गेलीय, बोलल्याशिवाय राहायची नाही. पेन द्या. तिनं पेन दिलं. यादीत ‘पती, चार मिनिटं’ असं होतं. मी त्यावर रेघ मारली.

ती म्हणाली, “नक्की ना, सर? लोकांना वाटेल, नवऱ्याला काहीच बोलायचं नव्हतं.”

“तो बोलतोय की,” मी म्हणालो.

तिनं नवी यादी छापली, मी खाली सही केली, आणि दहाच्या बसनं घरी आलो.